लाभ, एक, दोन

फाल्गुनातलं ऊन जरा तापायला लागलं की आमच्या चाळीतल्या पोरांच्या परीक्षा येतात आणि समोरची मुन्नी पाटी घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसते. बिलासपूरकडचा हा सगळा मुलूख धानाचा. इथं ज्वारी दिसलीच तर वाण्याच्या दुकानात, कोपऱ्यातल्या एखाद्या पोत्यात, आणि तीही किडकी. यांच्या रेल्वेतल्या नोकरीपायी मी इकडं आले त्याला आता उभा जन्म लोटला. मुलंबाळं इथंच झाली. ती घरात माझ्याशी मराठी बोलतात आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की हिंदी. तरी फाल्गुन लागला की माझ्या नाकात ज्वारीच्या भुसाची ती कोरडी, खाजरी धूळ कुठून येते कोण जाणे. आमच्याकडं, अंबड तालुक्यात, याच दिवसांत सुगी असायची. तेव्हा निजामाचं राज्य होतं.

मुन्नी बेरीज बोटांवर करते. तिची आई आतून ओरडते, एवढी मोठी झालीस आणि अजून बोटं मोजतेस. मी म्हणते, बोटं तिचीच आहेत, मोजू दे. असं मोजता मोजता एक दिवस पोर मध्येच थांबतं. बोटं तशीच उघडी राहतात आणि डोळे वर कुठंतरी जातात. आकडा बोटांवरून उठून डोक्यात गेलेला असतो. ते तोंड मी चाळीतल्या कितीतरी पोरांचं पाहिलंय. दरवेळी मला आनंद होतो आणि पाठोपाठ धास्ती वाटते. या पोराला हा आकडा कुणी दिला असेल आणि कशासाठी दिला असेल, असं उगीच मनात येऊन जातं.

मी चौथीतून शाळा सुटलेली बाई. चाळीत मला शिकलेली समजतात, कारण पावकी, निमकी, सवायकी, दिडकी मला अजून तोंडपाठ येतात. वाचायला नीट शिकले ते इथं आल्यावर, यांनी ड्यूटीवरून आणलेल्या जुन्या वर्तमानपत्रांवर. पण मोजायला मला नानांनी शिकवलं. आणि म्हणूनच घरात पाहुणे आले की मी ताटं मांडते, मोजते, आणि परत मोजते. सुना तोंडाला पदर लावून हसतात. पहिलं ताट आपण धरलं की नाही, ही शंका माझ्या मनातून काही जात नाही.

नाना म्हणजे आमच्या गावातले मोठे जमीनदार. गाव तीर्थपुरीच्या वाटेवरचं, लहानसं. आणि नानांच्या घराण्याची जमीन पिढ्यान् पिढ्यांची, नजर जाईल तिथवर. आम्ही धनगर. आजानं सारा जन्म मेंढरांमागं काढला. पण माझ्या बापाला, बाला, एका जागी राहायची हौस. त्यानं आपल्या वाट्याची मेंढरं माझ्या चुलत्याच्या हवाली केली आणि नानांचं रान बटईनं धरलं. रान त्यांचं, कष्ट आमचे, आणि खळ्यावर जी रास पडेल ती निम्मी त्यांची, निम्मी आमची. बटई म्हणजे एवढंच.

नानांची मुलं शिकायला हैदराबादेला होती. घर मोठं आणि पोरांचा आवाज नाही. माय त्यांच्याकडं दळायला, सारवायला जायची आणि मी तिच्यामागं. नाना ओसरीवर भाकर खात बसलेले असायचे. मला समोर बसवून घ्यायचे आणि भाकर मोडायचे. हे काय? अर्धी. आणि हे? चतकोर. चार चतकोर खाल्ले तर मागं काय राहिलं? मी म्हणायची, काहीच नाही. नाना मान हलवायचे आणि म्हणायचे, राहिलं की, पोटात राहिलं. मग हसत हसत एक चतकोर माझ्या हातावर ठेवायचे. पाव आणि पाऊण मी पाटीवर शिकले नाही. ते मला आधी हातावर गरम लागले, मग त्यांची नावं कळली. शाळेत मास्तर पावकी म्हणायला लावायचे तेव्हा बाकीची पोरं हवेत बघून म्हणायची. चार पाव एक म्हणताना मला मात्र अख्खी भाकर दिसायची.

शाळेत मला घातलं तेही नानांनीच. शाळा म्हणजे मारुतीच्या देवळाची पडवी. पोरी आम्ही दोघीतिघीच. बा तयार नव्हता. पोरगी शाळेत गेली तर धाकट्या लिंबाला कोण सांभाळणार, असं त्याचं म्हणणं. नानांनी त्याला ओसरीखाली उभं करून सांगितलं की पोरीचं डोकं बराबर चालतं, वाया घालवू नको, आणि लिंबालाही तिच्यासोबत पाठव, बसंल एका कोपऱ्यात. नाना तहसिलीच्या कामानं सारखे अंबडला जायचे, त्यांना उर्दू यायची. अंबडात पोरींची शाळा निघाल्याचं त्यांनीच ऐकून आणलं. पुढं सगळं उर्दूत असतं म्हणून बेरजेला जमा, वजाबाकीला तफरीक, गुणाकाराला जरब, भागाकाराला तकसीम, हे मला चौथीच्या आधीच त्यांनी पाठ करून दिलं. मी ते लिंबाला झोके देताना म्हणायची. लिंबा पाच वर्षांचा. तो तकसीमला टकशीम म्हणायचा आणि आपल्याच शब्दावर खूश व्हायचा.

संध्याकाळी शाळेत पाढे असायचे. सगळी पोरं एका सुरात, डुलत. आता मुन्नीला पाढे घोकताना ऐकते आणि वाटतं, लहानपणी आकडा ही समजण्याची गोष्ट नसतेच. ती चाल असते. सात सत्ते एकोणपन्नास हे मी कधी मोजून पाहिलं नाही, माझ्या शेजारच्या पोरानंही पाहिलं नाही. मास्तर म्हणाले म्हणून आम्ही म्हणालो. पोराची जीभ पुढं पळते आणि अक्कल तिच्यामागून धापा टाकत येते. त्या मधल्या वाटेवर पोराजवळ एकच गोष्ट असते, ती म्हणजे शिकवणाऱ्यावरचा भरवसा. माझ्याजवळ तो फार होता.

आमच्याकडची सुगी अजून डोळ्यांपुढं जशीच्या तशी उभी राहते. शेणानं सारवून घोटलेलं खळं, मधोमध मेढ, तिच्याभोवती कणसांवरून गोल गोल फिरणारे बैल आणि त्यांच्या तोंडाला मुसक्या. मग वाऱ्याची वाट बघत बसायचं. वारा सुटला की बा तिवईवर उभा राहून सुपानं उपणायचा. भूस एकीकडं उडायचं आणि दाणा सरळ खाली पडायचा. खाली दाण्याचा पिवळा ढीग चढत जायचा. ती रास. राशीजवळ कुणी चप्पल घालून जायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. बायका खळ्यात पाय ठेवायच्या नाहीत. पदर न आलेली पोर चालायची.

रास मोजताना पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. पहिलीच पायली एक म्हणून टाकली तर रास एकावरच अडते, अशी समजूत. आकडा म्हणायचा आणि पुढची पायली भरेपर्यंत तो तोंडात घोळवत राहायचा, म्हणजे विसरायला होत नाही. दोऽन दोन, दोऽन दोन, तीऽन तीन. पायली भरून ओतायचं काम नानांच्या सालगड्याचं आणि म्हणायचं काम माझं. ज्याला वाटा न्यायचा त्यानं आकडा म्हणू नये, असं नाना म्हणायचे. लेकरू म्हणंल ते दोघांना कबूल. शाळेत जायला लागल्यापासून दर सुगीला मीच म्हणायची. माझा आवाज बरा होता. शेजारच्या रानातली माणसं हातातलं काम टाकून ऐकायला यायची. एक म्हातारा तर म्हणायचा, ही पोर म्हणती तवा दाना बी थांबून ऐकतो. बा राशीच्या पलीकडं उभा असायचा, हातातलं सूप छातीशी धरून, माझ्याकडं बघत.

वीस पायल्यांचं एक पोतं. एक पोतं नानांचं, मग एक आमचं, अशी आळीपाळी. म्हणायला सुरुवात केली त्या पहिल्या सुगीला नानांनी मला जवळ घेऊन नीट समजावलं होतं. आमच्या पोत्यात लाभ म्हणजेच पहिली पायली; लाभ, दोन, तीन असंच म्हणायचं. त्यांच्या पोत्यात मात्र पहिली पायली मारुतीची. रान ज्याचं, देवाचं देणं त्याच्याकडं. ती मोजायची नाही, नंतर काढून देवळात द्यायची. म्हणून तिथं लाभ म्हणायचं आणि मग एक, दोन, तीन असं विसापर्यंत जायचं. मला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, ते मला अवघड वाटलं आणि आपल्याला जमलं याचाच आनंद फार झाला. एकाच खळ्यावर दोन तऱ्हांनी मोजायचं, आणि कुठल्या पोत्याला कुठली तऱ्हा ते चुकू द्यायचं नाही. मी कधी चुकले नाही. एकदा मास्तरांना विचारलं की नानांच्या खळ्यावर लाभानंतर एक कसा येतो. मास्तर म्हणाले, पुस्तकात लाभ नाही. शाळेची पडवी नानांनीच शाकारून दिली होती.

ज्या सुगीचं मी सांगतेय तेव्हा मी चौथीत होते. परीक्षेला अंबडला जायचं होतं. मावशीचं घर अंबडातच होतं, आणि पास झाले तर तिच्याकडंच राहून पुढं शिकायचं, असं ठरल्यासारखं होतं. पण मावशीच्या घरात खाणारी तोंडं आधीच खूप. बा म्हणाला होता, यंदा आपली कणग गळ्यापर्यंत भरली तर दोन पोती मावशीच्या घरी टाकू आन तुला तितं ठिवू. कणग म्हणजे कुडाची, शेणानं लिंपलेली कोठी, आमच्या घराच्या कोपऱ्यात माझ्या डोक्यापेक्षा उंच. रोज शाळेला जाताना मी तिच्याकडं बघून जायची. माझी सगळी शाळा त्या कोठीत होती.

निम्म्या रानाची रास मोजून झाली होती, निम्मी कणसं अजून मळायची होती. त्या दुपारी मी आणि लिंबा अंगणात खळं खळं खेळत होतो. चिंचोक्यांची रास आणि नारळाच्या करवंट्यांची पोती. एक करवंटी नानांची, एक आमची. लिंबाला गडी व्हायचं नव्हतं आणि बैल तर त्याहून नव्हतं. त्याला मारुती व्हायचं होतं. तो भिंतीला टेकून, गाल फुगवून, मांडीवर मूठ ठेवून बसला. मी चिंचोके टाकत गेले. लाभ, एक, दोन. मग आमच्या करवंटीत लाभ, दोन, तीन. रास संपली. लिंबा गाल फुगवून बसलेलाच. शेवटी त्याचा दम गेला.

“मारोतीचं कुठंय?” त्यानं विचारलं.

मी म्हटलं, हे काय, नानांच्या करवंटीत हाय. तो उठला, दोन्ही करवंट्या जमिनीवर उपड्या केल्या, आणि त्याला मोजता येत नव्हतं म्हणून चिंचोके जोडीजोडीनं लावत बसला. एक इकडचा, एक तिकडचा. नानांच्या बाजूला एक उरला. तो त्यानं मुठीत घेतला आणि म्हणाला, ह्यो माजा. मग थोडा वेळ त्या मुठीकडं बघून म्हणाला, पर खऱ्या मारोतीला तर कोनी देतच न्हाई.

मी रोज त्याच देवळाच्या पडवीत बसायची. देवळात ज्वारीची एक पायली आलेली मी कधी पाहिली नव्हती. तीन सुग्या मी म्हणत होते आणि एकदाही पाहिली नव्हती. पोराला आकडा कळतो तो असा कळत असेल, असं मला पुढं पुष्कळदा वाटलं. तोवर आकडे माझ्या तोंडातून नुसते जात होते, खिडकीतून वारा जावा तसे. त्या दुपारी पहिल्यांदा आकड्याच्या मागं दाणा दिसला. इतक्या पोत्यांचा एकेक उरलेला चिंचोका मी मनात मांडत गेले.

तरी खरं सांगते, नानांनी फसवलं असं माझ्या मनात आलंच नाही. मला वाटलं, नाना विसरले. एवढा मोठा माणूस, तहसिलीची कामं, एवढं रान, देवाची पायली काढायची राहून जात असेल. उलट, आपण त्यांची चूक काढली म्हणून ते खूश होतील, शाबास म्हणतील. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच त्यांच्या ओसरीवर गेले. नाना भाकर खात होते. मला बघून त्यांनी नेहमीसारखी भाकर मोडायला घेतली.

मी म्हणाले, “नाना, मारोतीची पायली पोत्यातच राह्यली.”

“कोन म्हनलं?”

“म्या लावून पाह्यलं. चिंचोक्यांनी. तुमच्या दर पोत्यात एक जास्ती हाय.”

नाना चावत राहिले. घास गिळला, पाणी प्यायले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या तोंडावर थोडं कौतुकच होतं.

“हुशार झालीस,” ते म्हणाले. “गये, म्या तुला मोजायला शिकवलं ते दुनियेचं मोजायला. माजं मोजायला न्हाई.”

मग चतकोर माझ्या हातावर ठेवला आणि खा म्हणाले. मी तिथंच उभी राहून तो खाल्ला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. आणि नानांनी दिलेलं खायचं नसतं असं मला कुणी शिकवलं नव्हतं. भाकर नेहमीसारखीच गोड लागली, हे आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

उरलेल्या राशीच्या दिवशी नानांनी चार माणसांत सांगितलं की गया आता मोठी झाली, आता खळ्यात नको. माणसांनी माना हलवल्या. कुणीतरी हसून म्हणालंसुद्धा, आता हिला नवरा बघा. मी बांधावर बायकांत बसले. सालगडी स्वतःच म्हणत होता. त्याला सूर नव्हता, पण तऱ्हा तीच. त्यांच्या पोत्याला लाभ, एक, दोन. आमच्या पोत्याला लाभ, दोन, तीन. मी मायचा हात दाबत होते आणि मायला वाटत होतं की मला म्हणायला दिलं नाही म्हणून वाईट वाटतंय. ती म्हणाली, असू दे, सगळ्याच पोरींचं असं होतं.

त्या संध्याकाळी बा घरी आला, अंगणात बसून दावं वळायला लागला. ऊन अजून भिंतीवर होतं. मी त्याच्यासमोर जाऊन बसले. नानांना मी तुम्ही म्हणायची, बाला तू. तेव्हा त्यात काही वाटायचं नाही. जो जवळचा त्याला तू.

“बा,” मी म्हणाले, “नाना दर पोत्याला एक पायली जास्ती नेऊन राह्यलेत. देवाला कायबी देत न्हाईत.”

बानं मान वर केली नाही. “ठावं हाय,” म्हणाला.

मला वाटलं मी काय सांगितलं ते त्याला कळलंच नाही. मी परत सांगितलं, चिंचोके आणून दाखवते म्हणाले. तो तसाच दोरीला पीळ देत राहिला.

“पोतं पाठीवर घेतलं की कळतंय, गये. त्यांचं जड भरतं. पयल्या सुगीपासून ठावं हाय.”

“मंग बोलला कामून न्हाईस?”

“काय बोलू? रान त्यांचं. तुजं शाळंचं त्यांनीच केलं. म्हनलं, जाऊन राह्यली एक पायली तर जाऊ दे, पोरगी तर शिकून राह्यली.” मग, जसं काही हे माझ्या बाजूचंच बोलणं आहे, असं म्हणाला, “आन तू म्हनायचीस बी किती सुरात.”

नानांनी फसवलं, त्याला मी एवढ्या दिवसांत थोडी सरावले होते. मालक तो मालक. पण बा राशीच्या पलीकडं सूप छातीशी धरून उभा असायचा, माझ्याकडं बघत असायचा, आणि ते बघणं मी तीन सुग्या जपून ठेवलं होतं. त्याला माझं कौतुक वाटतंय म्हणून मी आणखी गोड म्हणायची. आणि तो तेव्हा दर पोत्याला आपली एक पायली जाताना ऐकत होता, माझ्याच तोंडून, आणि गप्प होता. माझ्या शाळेची किंमत मीच गाऊन देत होते. घेणाऱ्याला ठाऊक होतं, देणाऱ्याला ठाऊक होतं. एवढ्या माणसांत ठाऊक नव्हतं ते मला एकटीला, आणि तिथं मोजायला येणारी म्हणून उभी होते मीच.

बा चांगला माणूस होता. हे मी त्याची बाजू घ्यायला लिहीत नाही. चांगला होता म्हणूनच ते जास्त लागलं. त्यानं माझ्यासाठीच केलं, हेही मला कळतं. मुलंबाळं झाल्यावर तर फारच कळलं. पण पोराला न सांगता त्याच्यासाठी केलेली गोष्ट आणि पोराला फसवून केलेली गोष्ट यांत अंतर किती, ते मला अजून मोजता आलेलं नाही. नानांचंही तसंच. इथं यांचा पाय रुळात सापडून मोडला, घर बसलं, तेव्हा चाळीतल्या बायकांना घेऊन मी पापड-वड्यांचं काम काढलं. डाळ किती, तेल किती, कुणाच्या वाट्याला किती, सगळं तोंडी. त्यावर पोरं जेवली. ते सगळं त्या ओसरीवरचं, भाकर मोडून शिकवलेलं. रोज संध्याकाळी दिवा लावताना नानांना मनातल्या मनात हात जोडते. जोडलेले हात सुटतात तेव्हा त्यांचं ते वाक्यही आठवतं. दोन्ही खरं आहे, काय करणार.

पाडव्याला नानांनी रान दुसऱ्याला दिलं. भांडण नाही, तंटा नाही. बाला बोलावून सांगितलं की यंदा दुसरा गडी बघितलाय. कारण विचारायची पद्धत नव्हती. अंबडच्या शाळेचा विषय त्यांनी परत काढला नाही. कणग छातीपर्यंतच भरली होती, आणि रान गेल्यावर तीच वर्षभर पुरवायची होती. मावशीकडं पोती गेली नाहीत. बा मायला म्हणाला, मेंढरांत जाऊ. चुलता गोदावरीच्या काठाकाठानं मेंढरं घेऊन निघाला होता, त्याला वाटेत गाठलं. लिंबा चुलत्याच्या खांद्यावर बसून टकशीम टकशीम ओरडत होता. चुलता विचारत होता, ह्ये कोनचं जनावर. परीक्षा त्याच दिवसांत झाली असणार. मी बाशी बोलत नव्हते. नानांना मी काय म्हणाले ते त्याला कळलं असेल का, म्हणजे रान माझ्यापायी गेलं हे त्याला ठाऊक असेल का, हा धसका मला सारखा असायचा. आणि त्या धसक्याचाही राग यायचा, कारण फसवली गेले होते मी आणि घाबरत होते तेही मीच.

आमच्यात मेंढरं मोजत नाहीत. मोजलं की नजर लागते, रोग येतो. धनगर कळपाकडं बघतो आणि त्याला कळतं की ती एका शिंगाची मागं राहिली, त्या काळीचं कोकरू दिसत नाही. तोंडं ओळखायची. किती आहेत हे विचारायचं नाही, कुणी विचारलं तर सांगायचं नाही. चुलता याबाबतीत फार कडक. त्याच्या कळपात आकडा तोंडातून काढायची चोरी होती. मेंढरांत आल्यापासून माझ्या कानावर एकसुद्धा आकडा पडला नव्हता. पाढे मी मनात म्हणायची, पण मन लागायचं नाही. सवायकी मधेच तुटायला लागली होती.

एका सकाळी चुलता पुढं पाणी बघायला गेला होता. माय लिंबाला घेऊन बरीच मागं. कळपामागं मी आणि बा. धूळ, लेंड्यांचा वास, आणि मेंढरांच्या पायांचा तो मऊ, न संपणारा आवाज. बानं पुढं बघतच म्हटलं, “मोज.”

“काय?”

“मेंढरं.”

मी त्याच्याकडं बघितलं. धनगरानं आपल्या लेकीला असं सांगावं, हे कुणाला सांगून पटणार नाही. तो मला त्याच्याजवळचं होतं नव्हतं ते देत होता, एवढं मला त्या वयातही समजलं. पण मला ते घ्यायचं नव्हतं.

“तुला ठावं हाय की,” मी म्हणाले.

बरंच अंतर आम्ही तसेच चाललो. मग त्यानं काठी उचलली, एका मेंढीकडं केली, आणि स्वतःच सुरू केलं. एक. काठी दुसऱ्या मेंढीकडं. दोन. त्याला आमच्या पाढ्यासारखं मोजायची सवय नव्हती. तो आकडा आठवून आठवून काढत होता, चिखलातून पाय काढावा तसा. आठ. नऊ. चुलता ऐकेल म्हणून हळू, पण मला ऐकू येईल इतकं मोठ्यानं. अकरा. बारा.

“चौदा,” बा म्हणाला.

राग होता तसाच होता. पण माझं तोंड त्याच्या आधी उघडलं. “तेरा,” मी म्हणाले.

बा थांबला नाही, वळलाही नाही. काठी त्यानं खाली घेतली. “म्हन मंग फुडं,” म्हणाला.

मी पुढं म्हणायला लागले, सूर न लावता, नुसतं. कळपाच्या त्या टोकापर्यंत गेले. तेरा त्याला खरंच येत नव्हतं, की मी बोलावं म्हणून त्यानं ते मुद्दाम गाळलं, हे मी त्याला विचारलं नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढं तो होता तोवर कधीच नाही.